अदलाबदलीची दहावी

मार्च आला की आमच्या सावेडीतले आईबाप एकदम बदलतात. एरवी पार्किंगवरून तावातावाने भांडणारी माणसं जिन्यात आवाज खाली घेऊन बोलायला लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी टीव्हीच उचलून माहेरी नेऊन ठेवला, हे परवा त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. समोरच्या बंगल्यातल्या गृहस्थांनी लेकाला पेपर संपले की मोटारसायकल कबूल केली आहे, आणि तो लेक आत्तापासूनच हेल्मेट घालून गॅलरीत फिरतो. मला दोघांचंही हसू येतं आणि दोघांचीही धास्ती वाटते. माझा ओंकारही यंदा दहावीला आहे. पण मार्चचं ते कोरडं, धुळीचं ऊन गच्चीवर उतरलं की मला जी दहावी आठवते, ती त्याची नसते. ती श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची असते, नव्वदीतली, माझी स्वतःची.

त्या दिवसांचा आधी वास येतो. काढलेल्या कांद्याचा उग्र वास, पाटाच्या पाण्याचा गाळकट वास, उसाच्या ट्रॅक्टरमागे उडणाऱ्या धुळीचा वास. मग आवाज येतात. गल्लीत चार घरी दहावीची पोरं होती आणि चारही घरांतून एकाच धड्याची चार वेगवेगळ्या जागी अडकलेली घोकंपट्टी चालायची. आणि मग, या सगळ्याच्या वर, अण्णांचं खाकरणं ऐकू येतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत गुरुजी. त्यांनी मला जन्मात एकदाही मारलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला त्यांच्या हातात छडी दिसायला लागेल. त्यांना छडीची गरजच नव्हती. चुकलं की ते फक्त म्हणायचे, "उंबऱ्यात उभी राहा." गल्लीकडे तोंड करून, हातात पुस्तक धरून उभं राहायचं. येणारीजाणारी माणसं विचारायची, "काय गं सुजे, आज काय केलंस?" ते सांगावं लागायचं, हीच शिक्षा. माझी आई मऊ बाई, पण तिचाही एक मंत्र होता: "अण्णांच्या कानावर जाता कामा नये." दूध नासलं, कप फुटला, चाचणीत मार्क कमी पडले, की आई पदराआड घ्यायची आणि पुटपुटायची, अण्णांच्या कानावर जाता कामा नये. आमच्या घरात शिस्त अण्णांची होती आणि लपवाछपवीचं खातं आईचं. मी दोन्हींत पटाईत झाले. दहावीपर्यंत तर मी तोंडावरची माशीही न हलवता खोटं बोलू शकत होते.

आमच्या घराला भिंत लावून काकाचं घर होतं. काका अण्णांचा धाकटा भाऊ, शेती करणारा. त्याला एकच मुलगी, मंगल, माझ्याच वयाची आणि माझ्याच वर्गात. त्या घरात कशालाच ना नव्हती. मंगलला शाळेत जायचं नसेल तर काका म्हणायचा, "ऱ्हाऊ दे आज, ऊन लई हाय." सहामाहीच्या आदल्या दिवशी त्याने तिला जत्रेला नेलं होतं. अण्णा संतापले तर हसून म्हणाला, "दादा, परीक्षा परत येती, जत्रा वर्सानं येती." मला मंगलचा इतका हेवा वाटायचा की रात्री भिंतीला कान लावून मी त्यांचं हसणं ऐकत बसायचे.

पण त्या जानेवारीत प्रिलिमचा निकाल लागला आणि मंगल गणितात आणि इंग्रजीत आडवी झाली. नेमकं त्याच आठवड्यात राहात्याहून काकीच्या माहेरच्या ओळखीतलं स्थळ आलं. मंगलला नर्स व्हायचं होतं. ती सातवीपासून सांगत आली होती, आणि गल्लीतल्या कोंबड्यांना चिंधीची पट्टी बांधून तिने तशी सुरुवातही केली होती. काकाने पाहुण्यांना सांगितलं, "पोरगी धाव्वी पास झाली तर फुडं शिकवीन म्हन्तो. न्हाई झाली तर मंग तुमचं न् आमचं मे महिन्यात." पाहुणे खुश होऊन गेले. प्रिलिमचे मार्क त्यांनाही कळले होते. मंगल मात्र त्या संध्याकाळी जेवली नाही.

मग थोरल्यांनी डोकं लढवलं. काकीच म्हणाली, "आपलं पोर आपलं ऐकत न्हाई. सोनारानं कान टोचल्यालं बरं." ठरलं असं, की मंगलने परीक्षा होईपर्यंत आमच्या घरी राहायचं, अण्णांच्या शिस्तीत. आणि आम्ही दोघी एका खोलीत बसलो तर गप्पाच मारू, म्हणून मी त्यांच्या घरी. दोन वासरं दोन गोठ्यांत बदलून बांधावीत तसं त्यांनी आम्हाला बदललं. मी वह्यांचं गाठोडं घेऊन पलीकडच्या दारात शिरले, तेव्हा मला तुरुंगातून सुटल्यासारखं वाटलं, कशाला खोटं बोलू!

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून काकीच्या कंदिलाची काच फुटली. माझ्या हाताने माझ्याआधी काम केलं. तुकडे गोळा करून मी ते परसातल्या राखेच्या ढिगात पुरले, कंदील फळीवर मागे सरकवला आणि येऊन भूमिती वाचत बसले. संध्याकाळी वीज गेली तशी काकीला कळलंच. ती रागावली नाही, नुसती गोंधळून बघत राहिली.

"अगं, सांगायचं की. राखंत कशाला घातली? कुनाच्या पायात गेली असती म्हंजे?"

फुटलेली वस्तू सांगायची असते, हेच मला माहीत नव्हतं. काकीने दिव्याची वात लावली आणि विषय तिथेच संपला. मला मात्र तो संपलेला खरा वाटेना. कितीतरी दिवस वाटत राहिलं, आज ना उद्या ही बाई मला उंबऱ्यात उभं करणार.

भिंतीच्या पलीकडे मंगल बदलत होती. दारावर अण्णांनी ड्रॉइंगच्या कागदावर तिचं वेळापत्रक लावलं होतं, लाल-निळ्या पेन्सिलीने आखलेलं. तिची गणितं सुटायला लागली, हे मान्य केलं पाहिजे. पंधरा दिवसांत तिला वर्गमूळ यायला लागलं. पण ही पोरगी आधी बोलायला लागली की थांबायची नाही, आणि आता तिला काही विचारलं की ती आधी दाराकडे बघायची. एकदा कपडे धुवायला आम्ही पाटावर गेलो तेव्हा म्हणाली, "सुजे, तुझ्या घरात चूक कुठं ठेवत्यात गं? मला जागाच घावना." मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "मी शिकवते तुला."

परवा ओंकारला मी हेच सांगत होते. आपल्या घरात नियम एकच, काहीही झालं तरी सांगायचं. वेळापत्रक नाही, उंबरा नाही, मोटारसायकलही नाही. फक्त सांगायचं. त्याने पोहे खाता खाता शांतपणे म्हटलं, "आई, तुला सगळं सांगावं लागतं, त्याचंच तर टेन्शन येतं." घ्या! इतकी वर्षं मी समजत होते की मी अण्णांच्या उलट दिशेला चालले आहे. पोराच्या एका वाक्याने मला कळलं की उंबरा मीही बांधला आहे, फक्त त्याला दार लावलं नाही इतकंच. मी चिडले, ताट जरा जोरातच उचललं, आणि मग सिंकपाशी उभी राहून विचार करत बसले की आईबाप होण्याचं पुस्तक कुणी लिहिलंच तर त्याची पानं कोरीच असतील.

तर मार्च. बुधवारी पहिला पेपर, मराठीचा. आदल्या रविवारी भर दुपारी मंगल मागच्या दाराने काकीच्या परसात आली. चेहरा पांढराफटक. मुठीत ओला लगदा होता. तिचं हॉल तिकीट. आम्ही त्याला रिसीट म्हणायचो. स्कर्टच्या खिशात राहिली होती आणि तिने स्कर्ट पाटावर आपटून आपटून धुतला होता.

"सुजे, अण्णांना सांगू?"

तिने विचारलं होतं. हे मी विसरू शकत नाही. सांगायचं, हे तिच्या अंगात अजून शिल्लक होतं. आणि मी म्हणाले, "वेडी आहेस का? उंबऱ्यात उभं करतील. सगळ्या गल्लीला कळेल की परीक्षेच्या तोंडावर रिसीट धुतलीस. राहात्यापर्यंत बातमी जाईल. गप बस. आपण वाळवू."

वाळवली. मग पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरले आणि त्याच्या बुडाने इस्त्री केली, शाळेचे कपडे करायचो तशी. शाई आधीच पसरली होती. निखाऱ्याच्या उष्णतेने फोटो फुगून सुटून आला आणि कागदावर तपकिरी चंद्रकोर उमटली. नंबराचे शेवटचे दोन आकडे कसेबसे दिसत होते. मी तो फोटो भाताच्या शिताने चिकटवला. मंगल रडायला लागली तशी मी तिला दटावलं, "तोंड सरळ ठेव. तोंडावरूनच कळतं त्यांना." सोमवार गेला, मंगळवार गेला. अण्णांनी मंगळवारी संध्याकाळी तिला विचारलंही, "पेन, पट्टी, रिसीट, सगळं आहे ना?" ती म्हणाली, "हो अण्णा." तिने मला नंतर सांगितलं की तेव्हा तिने माझ्यासारखं तोंड केलं होतं.

बुधवारी आम्ही श्रीरामपूरला केंद्रावर गेलो. आम्ही जीपमधून, अण्णा मागून लुनावर. आमच्या आडनावाचीच पंचवीस-तीस पोरं परीक्षेला होती, त्यामुळे मंगलचा वर्ग वेगळा, माझा वेगळा. फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत अण्णा उभे राहिले, पांढरी टोपी, हात मागे. मी माझ्या वर्गात गेले. मराठीचा पेपर सोपा होता. निबंधाला मी पुरवणी घेतली, आणि पुरवणी बांधताना मला आनंदही झाला होता, याची आज लाज वाटते.

घंटा झाल्यावर बाहेर आले तर फाटकाशी काका. अंगावर शेतातलाच सदरा, हाताला कांद्याची माती. त्याच्या मागे मंगल, पायात चप्पल नाही. ती पेपरला बसलीच नव्हती. वर्गाच्या दारात सर रिसीट बघत होते, तिची पाळी यायच्या आत ती रांगेतून बाहेर पडली. कुणीही तिला हाकललं नव्हतं, कुणी काही विचारलंही नव्हतं. मागच्या कंपाउंडला, कॉपी पुरवणारी पोरं चढायची तिथे भिंत पडलेली होती. त्या भगदाडातून ती बाहेर पडली, पाटाच्या कडेकडेने बेलापूरपर्यंत धावत-चालत गेली आणि वावरात कांदे काढणाऱ्या बापासमोर जाऊन उभी राहिली. त्याला तिने एका दमात सांगितलं. काकाने तिला सायकलवर घातलं आणि परत आणलं, पण तोवर पेपर संपत आला होता. केंद्रावरचे सर हळहळले. म्हणाले, "अहो, मुख्याध्यापकांची एक चिठ्ठी आणली असती तर दहा मिनिटांचं काम होतं."

काका अण्णांकडे वळला. तो ओरडला नाही. "दादा, तुमी तर हितंच हुता की."

अण्णांपासून पन्नास पावलांवरून ती पोर मागच्या भिंतीने निघून गेली होती. फाटकाशी उभ्या असलेल्या चुलत्याला टाळून ती दोन कोस लांबच्या बापाकडे धावली होती.

पुढचे पेपर चिठ्ठीवर तिने दिले. पण एक विषय गेला म्हणजे दहावी गेली. रिसीट बुधवारीच, वाटेत कुठेतरी भिजली असं तिने सगळ्यांना सांगितलं. माझं नाव तिने घेतलं नाही. मी शिकवलेलं ती माझ्यासाठीच वापरत होती. अण्णांनी त्यांच्या पद्धतीने निष्कर्ष काढला. ओसरीवर बसून ते काकाला म्हणाले, "अभ्यास नव्हता, म्हणून पळाली. तिला शिक्षणाची आवड नाही. दे लग्न लावून." घरातला शिकलेला माणूस तो, त्याच्या बोलण्यापुढे कोण बोलणार? आणि काका तर कुणालाच नाही म्हणू न शकणारा. आजवर मला तो गुण वाटत आला होता. त्या एप्रिलमध्ये मला पहिल्यांदा दिसलं, की जो बाप लेकीला नाही म्हणत नाही, त्याला पाहुण्यांनाही नाही म्हणता येत नाही. गुरुवारी सुपारी फोडायचं ठरलं. काकी साड्या काढून बघू लागली. मंगल घर झाडायची, पाणी भरायची आणि कुणाशी एक शब्द बोलायची नाही.

मी माझ्या घरी परत आले होते. मला माहीत होतं की माझ्या एका वाक्याने हे थांबेल. आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. सोमवार गेला. मंगळवारी मी दोनदा ओसरीपर्यंत जाऊन परत आले. आईने हेरलं, हाताला धरून मला आत ओढलं. "काय असंल ते असू दे. अण्णांच्या कानावर जाता कामा नये." तिचा चेहरा पाहिला आणि मला भडभडून आलं. बिचारी अठरा वर्षं हेच म्हणत जगली होती. मी तिचा हात सोडवला.

बुधवारी दुपारी अण्णा चौथीचे पेपर तपासत बसले होते. मी समोर उभी राहिले.

"अण्णा, रिसीट रविवारीच भिजली होती. मंगल तुम्हाला सांगणार होती. मी सांगू दिलं नाही."

त्यांनी पेनला टोपण लावलं. "रविवारी?"

"हो."

"तीन दिवस होते म्हणजे. मुख्याध्यापक माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले. का नाही सांगू दिलंस?"

"भीती वाटली."

"कशाची? मी तुझ्यावर कधी हात उगारलाय?"

"नाही."

त्यांनी पेपरांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग विचारलं, "मंगललाही वाटते माझी भीती?"

"आता वाटते."

"आणि तुला?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं आता उंबरा. पण ते उठले, आत जाऊन घटाघटा पाणी प्यायले, टोपी घातली आणि पलीकडच्या घरात गेले. मला भिंतीतून ऐकू येत होतं. काका म्हणत होता, "शबुद दिलाय मी, दादा. आता कसं जमंल?" अण्णा म्हणाले, "तू दिलास ना? मी नाही दिला. मी मोडून येतो. शिव्या मला देतील." आणि खरोखर तो माणूस भर उन्हात एसटीने राहात्याला गेला. तिथे काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. काकीच्या माहेरचे लोक दोन वर्षं आमच्या दारात आले नाहीत एवढं खरं. आम्हाला इतकी वर्षं धाकात ठेवणारा तो ताठ कणा त्या दिवशी मंगलच्या कामी आला. तेव्हापासून कुणी मला विचारलं, वडील कडक असावेत की मायाळू, तर माझी दातखीळ बसते.

पुढचं आधीच सांगून टाकते. मंगल आज सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, आणि लेकीच्या बाबतीत अशी करडी आहे की अण्णांनी वही घेऊन शिकावं. मी तिला चिडवते तर म्हणते, "तू गप गं. तुझा ओंकार तुला बाजारात विकून येईल."

पण त्या वर्षीचा ऑक्टोबर राहिला; मंगलचे बाकीचे विषय सुटले होते, मराठीची फेरपरीक्षा तेवढी उरली होती. जूनपासून अण्णा रोज संध्याकाळी काकाच्या ओसरीवर जाऊन मंगलला मराठी शिकवायचे. तिला आमच्या घरी बोलवायचे नाहीत, स्वतः जायचे. तिच्याशी त्या बुधवारबद्दल ते कधी बोलले नाहीत. माफी वगैरे मागणं त्यांना जमण्यासारखं नव्हतंच. परीक्षेच्या दिवशी सकाळी मात्र ते अंघोळ करून, सदरा घालून ओसरीवर नुसते बसून राहिले. आईने विचारलं, "जायचं न्हाई का सोडायला?" तर म्हणाले, "नको. मी दिसलो की पोर बिचकते. तिचा बाप जाईल."

दहाच्या सुमारास मंगल दारात आली. दोन वेण्या, हातात रिसीट उघडी धरलेली.

"अण्णा, चला की. किती वेळ?"

"बाप येतोय ना तुझ्याबरोबर."

"त्यांना काय कळतंय त्यातलं? तुम्ही फाटकाशी थांबा. काही झालं तर मी तुम्हालाच सांगणार ना!"

अण्णा उठले. चपला घालताना दोनदा त्यांचा पाय चुकीच्या चपलेत गेला. मंगलने वाकून चप्पल सरळ करून दिली, आणि दोघं गल्लीतून चालायला लागली, ती काहीतरी सांगतेय आणि ते मान डोलावतायत. मी दारातून बघत होते. मला तिचा भयंकर राग आला, आणि कुठे जाऊन रडावं ते कळेना. सोळा वर्षं मी त्या माणसाची मुलगी होते, आणि तोपर्यंत एकदाही मी त्यांना "चला की" म्हटलं नव्हतं.